नकाराची तिपाई

अशी कल्पना करा, मुलांनो, की तुमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर एक केक ठेवलाय. टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेला. वर दाट पांढरं क्रीम आणि त्यावर निळ्या साखरेचे कडक आकडे. आधी एक चार, मग एक सात, आणि त्यांच्यामागे शून्यंच शून्यं, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी एका रांगेत. केक कापायचाय, पण सुरी कोणीच उचलत नाही. मोठी माणसं केककडे न बघता एकमेकांकडे बघतायत. आता सांगा बरं, तुम्ही काय कराल?

भिंगरीने शेवटचं शून्य उचललं.

"अगं ए!" मोठे काका ओरडले. "एका झटक्यात नफा दहापटीने खाली आणलास की माझा!"

सगळे हसले. दुपारपासून त्या खोलीतलं ते पहिलंच हसू. भिंगरीला शून्य खायचं होतं, पण तिचा पुढचा दात हलत होता आणि साखर दगडासारखी होती. तिने ते रुमालात गुंडाळून फ्रॉकच्या खिशात टाकलं.

"बरं झालं," आत्या म्हणाली. "जे मला सहा वर्षांत जमलं नाही, ते पोरीने करून दाखवलं."

झालं. हसू विझलं.

भांडण कशावरून होतं ते आधी नीट समजून घेऊ. मोठे काका आरोग्यविम्याच्या कंपनीचे प्रमुख. कंपनीला त्या वर्षी आजवरचा सगळ्यात मोठा नफा झाला होता. त्याचा समारंभ आदल्या दिवशी झाला आणि उरलेला केक, म्हणजे जवळजवळ अख्खाच, काका आपल्या वडिलांकडे घेऊन आले होते. आत्या म्हणजे त्यांची सख्खी धाकटी बहीण, सरकारी इस्पितळात लहान मुलांची डॉक्टर. विमा कंपन्यांना वेसण घालणारा एक नवा कायदा यावा म्हणून ती इतकी वर्षं दारोदार फिरत होती. आणि उद्या सकाळी, त्याच कायद्याची कलमं ठरवणाऱ्या समितीसमोर, काका कायद्याच्या विरोधात बोलणार होते आणि आत्या बाजूने. एकाच घरातली दोन माणसं, एकाच टेबलापाशी उभी राहून.

काकांच्या शब्दाला समितीत वजन होतं. त्यांची कंपनी सगळ्यात मोठी. ते 'नको' म्हणाले, तर कायदा बासनात जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"अण्णा, तुम्हीच सांगा हिला," काका खिडकीकडे वळून म्हणाले.

खिडकीपाशी आजोबा बसले होते. खाली रंगांचं दुकान होतं, त्यामुळे या घरात बारा महिने टर्पेंटाइनचा वास यायचा. आजोबा म्हणत, की आता डोळ्यांना काम नाही तर निदान नाकाला तरी आहे. उभा जन्म त्यांनी काचेच्या भट्टीवर नळी फुंकून बाटल्या घडवण्यात घालवला होता. गाल अजून ढगळ, बोटं चिमट्यासारखी पक्की. पण भट्टीच्या धगीने दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. खिडकीतून ऊन आत येत असतानाही ते मधेच म्हणत, "दिवा लावा रे कुणीतरी."

भिंगरीला त्यांनी शब्द दिला होता, की या सुट्टीत तुला काचेची गोटी करायला शिकवीन, आत निळी वेटोळी असलेली. डोळे झाले की लगेच. पण डोळे काही होत नव्हते, कारण काकांच्याच कंपनीने ऑपरेशनचे पैसे द्यायला नकार दिला होता.

हो, काकांच्याच. आणि काकांना ते माहीतच नव्हतं. त्या दुपारपर्यंत.

"मी कोणाला काय सांगू?" आजोबा म्हणाले. "मी कोणी तरी येईल म्हणून वाट बघतोय."

"कोण यायचंय?"

"नकार घेऊन येणारा."

काका गोंधळले. आत्याने कमरेवर हात ठेवले. "त्यांच्या डोळ्यांचा क्लेम फेटाळलाय तुझ्या कंपनीने. 'आजार व्यवसायजन्य आणि विम्यापूर्वीचा.' मी तुला सांगणार होते, पण अण्णांनी शपथ घातली. म्हणाले, ज्याने नाही म्हटलं तो आपणहून येईल."

"काय?" काकांचा चेहरा उतरला. "अहो अण्णा, एक फोन करायचात! त्यात काय एवढं? मी माझ्या खिशातून भरतो. उद्याच करू ऑपरेशन."

"तुझ्या खिशातले मी मागितले का?" आजोबा शांतपणे म्हणाले. "कित्येक वर्षं हप्ता भरलाय मी. उत्तर मागतोय फक्त."

"आणि ज्यांच्याकडे फोन करायला असा दादा नाही, त्यांनी काय करायचं?" आत्या म्हणाली.

"तू सुरू होऊ नकोस."

"मी थांबलेच कधी होते!"

भिंगरीची आई स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली आणि दोघांच्या मधोमध कप ठेवत म्हणाली, "भाऊजी, बसून भांडा. उभ्याने भांडलं की चहा गार होतो."

काका बसले. मनाने ते वाईट नव्हते. भिंगरी भोकाड पसरू लागली की सगळ्यात आधी कडेवर घेणारे तेच. त्यांनी तिला जवळ बोलावलं. "भिंगरे, तुझ्या गोट्या आण. तुझ्या आत्याला जे कळत नाही ते मी तुला समजावतो."

गोट्या आल्या. काकांनी रिकामी बशी मधे ठेवली आणि तीत दहा गोट्या मोजून टाकल्या.

"समज, वर्गातल्या प्रत्येकाने या बशीत एक गोटी टाकली. कोणी आजारी पडलं, की बशीतून त्याला गोट्या मिळणार. कोण पडेल ते कोणालाच माहीत नाही. म्हणून सगळे टाकतात. कळलं? हा विमा."

"कळलं."

"आता बशी सांभाळायला कोणीतरी हवं. मोजायला, वाटायला, चोरापासून जपायला. त्याला पगार नको?"

"हवा."

काकांनी एक गोटी बाजूला काढली. "आणि एखाद्या वर्षी अख्खा वर्गच आजारी पडला तर? त्यासाठी थोड्या शिल्लक नकोत?" आणखी एक. "आणि मी माझ्या गोट्या आधी घालून ही बशी विकत आणली होती. मला काही मिळायला नको?" आणखी एक. "हा नफा. ही चोरी नाही, बाळा. भट्टी बंद पडली तेव्हा आजोबांचा आजार-निधी बुडायला आला होता. मी त्याची कंपनी केली म्हणून तो तगला. नफा नसता तर आज बशीच नसती."

"हे खरं आहे," खिडकीतून आजोबा म्हणाले. "बशी त्याने वाचवली. तेवढं श्रेय त्याचं."

काकांनी बहिणीकडे विजयी नजरेने पाहिलं. आत्या मात्र टेबलावर ओणवी झाली. "छान शिकवलंस. आता मी विचारते. भिंगरे, दहा गोट्यांतल्या आजाऱ्यांना किती मिळाल्या?"

भिंगरीने बशीत पाहिलं. "सात."

"मी म्हणते नऊ मिळाव्यात. पगार, शिल्लक, नफा, सगळं उरलेल्या एका गोटीत बसवा. माझं पहिलं कलम एवढंच आहे."

"एका गोटीत!" काका म्हणाले. "बरं, आठवर तरी ये. तिथे घासाघीस करता येईल. पण तुझं दुसरं कलम? ते शुद्ध वेडेपणा आहे."

"ते माझं नाहीच. अण्णांचं आहे."

ही गोष्ट त्या घरात सगळ्यांना पाठ होती, पण तुम्हाला सांगायला हवी. भट्टीवर कोणी आजारी पडलं, की बाकीचे कामगार आपल्या मजुरीतला वाटा एका वाकड्या मानेच्या बरणीत टाकत. ती बरणी फुंकताना फसलेली, विकायच्या कामाची नव्हती. मदत मंजूर झाली, तर पैसे कोणाच्याही हाती पाठवत. पण नाकारली, तर एक नियम होता. ज्याने नाही म्हटलं, त्याने भट्टीवरची बुटकी लाकडी तिपाई उचलायची, आजाऱ्याच्या घरी जायचं, त्याच्या खाटेशेजारी ती मांडून बसायचं, आणि स्वतःच्या तोंडाने नाही म्हणायचं. तिपाई बुटकी का? तर बसणाऱ्याचे डोळे निजलेल्याच्या डोळ्यांसमोर यावेत म्हणून. आजोबा म्हणत, उभ्याने नाही म्हणणं फार सोपं असतं.

आता ती तिपाई काकांच्या कंपनीच्या दारात, दिवे लावलेल्या काचेच्या कपाटात होती. खाली पितळी पाटी: 'आमची सुरुवात इथून झाली.'

"कायद्यात लिहायचं, की नकार द्यायचा तर जाणत्या माणसाने रोग्यासमोर बसून द्यायचा," काका म्हणाले. "अगं, वर्षाला किती नकार जातात माहितीये? लाखाच्या घरात. एवढी माणसं आणू कुठून?"

"माणसं कशाला वाढवतोस?" आजोबा म्हणाले. "नकार कमी कर."

आईला हसू आवरेना. ती पदर तोंडाला लावून आत पळाली.

"अण्णा, तुम्ही काय कधी कोणाला नाही म्हटलंच नाहीत?"

"म्हटलं की. आपल्या पॅकिंगवाल्याने दारू पिऊन मारामारीत मनगट मोडून घेतलं होतं. गेलो तिपाई घेऊन. त्याची बायको, पोरं, सगळी समोर. बसलो, डोळ्यांत बघितलं, म्हटलं, बाबा रे, हे बरणीतून नाही मिळायचं. शिव्या दिल्या त्याने. पण हात बरा झाल्यावर पहिला चहा माझ्याबरोबर प्यायला. नाही म्हणायला हरकत नाही. पाठ फिरवून म्हणायला आहे."

इतका वेळ एक माणूस बोललाच नव्हता. भिंगरीचे बाबा. तीन भावंडांतले सगळ्यात धाकटे, मवाळ, काकांच्याच कंपनीत क्लेम तपासणाऱ्या खात्यात नोकरीला. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. आता त्यांनी कप खाली ठेवला.

"दादा," ते म्हणाले. "तो नकार मी दिलाय."

खालच्या दुकानात रंगाचा डबा हलवणारं यंत्र खडखडलं.

"आमच्या स्क्रीनवर नाव नसतं. नंबर, वय, आजार. खाली दोन चौकोन, एक हिरवा, एक लाल. म्हातारा माणूस, भट्टीचं काम, मोतीबिंदू. नियमाने लाल येतो. मी लाल दाबला आणि पुढचा घेतला." बाबा पुढे म्हणाले, "मग इकडे अण्णांना मेसेज आला आणि भिंगरीने तो मोठ्याने वाचला. शेवटी वाक्य होतं, 'आपणांस उत्तम आरोग्याच्या मनःपूर्वक शुभेच्छा.' ते मीच घातलंय, दादा. मागच्या वर्षी. वाटलं, वाचणाऱ्याला जरा बरं वाटेल."

"आणि तू गप्प बसलास?" आत्याचा आवाज चिरका झाला. "इतके दिवस?"

"रोज सांगेन म्हणायचो. रोज अण्णा विचारायचे, आलं का रे कोणी? आणि मी समोरच असायचो."

आजोबांनी मान आवाजाच्या दिशेने वळवली. रागावले नव्हते. उलट कोणाची तरी वाट बघून बघून शेवटी दार वाजावं, तसा त्यांचा चेहरा झाला. "म्हणजे आलास एकदाचा. ये, बस."

"कशावर बसू? तिपाई तर कंपनीत आहे."

आता पळत कोण गेलं असेल, हे सांगायला नकोच. बेसिनपर्यंत हात पुरावा म्हणून भिंगरीसाठी आणलेलं लाल प्लास्टिकचं स्टूल न्हाणीघरात होतं. वर पिवळं बदक. तिने ते आणून आजोबांच्या खुर्चीपाशी ठेवलं.

बाबा बसले. गुडघे छातीला लागले. त्यांनी वर पाहिलं. "अण्णा, तुमचा क्लेम..." मग ते एकदम उठले. इतक्या वर्षांत भिंगरीने त्यांना मोठ्या भावासमोर मान वर केलेलं पाहिलं नव्हतं. आज त्यांनी केली.

"लाल चौकोन मी दाबला, ती चूक माझी. पण तो नियम माझा नाही, दादा. तुझा आहे. या स्टुलावर मी एकट्याने बसायचं नाही."

"शाब्बास," आत्या पुटपुटली.

काकांनी घड्याळाकडे पाहिलं, केककडे पाहिलं, दाराकडेही पाहिलं. "हा काय पोरखेळ चाललाय?"

"पोरखेळ असेल तर घाबरतोस कशाला?" आजोबा म्हणाले. "उद्या अख्ख्या सभागृहासमोर बोलणार आहेस ना? आज एका माणसासमोर बोल."

एवढे मोठे काका, कडक इस्त्रीचा कोट घातलेले, बदकाच्या स्टुलावर बसले. स्टूल कुरकुरलं. त्यांनी घसा साफ केला आणि समारंभातल्या आवाजात सुरुवात केली. "अण्णा, आपल्याला झालेला मोतीबिंदू हा भट्टीच्या उष्णतेमुळे..."

"खरं आहे. पुढे?"

"आणि पॉलिसी घेण्याच्या आधीपासून ते काम चालू असल्याने कंपनी..."

"कंपनी या खोलीत नाही. तू आहेस."

भिंगरी त्यांच्या अगदी शेजारी उभी होती, म्हणून तिला त्यांचे कान लाल होताना दिसले. आणि काकांना काय दिसलं? बरीच वर्षं ते या घरी येत, पाया पडत, बोलत, केक ठेवत. सगळं वरून. आज पहिल्यांदा त्यांचे डोळे वडिलांच्या डोळ्यांसमोर आले. दुधाळ, धुरकट, भट्टीत बिघडलेल्या काचेसारखे. ते डोळे मुलाकडे बघत नव्हते. मुलाच्या आवाजाकडे बघत होते, आणि तेही थोडं चुकून, कानाच्या बाजूला.

"अण्णा," काका म्हणाले, आणि समारंभातला आवाज कुठल्या कुठे गेला. "तुम्हाला मी दिसतच नाही?"

"कोट दिसतो. काळा असेल."

काकांनी मान खाली घातली. कोट निळा होता.

"मला नाही म्हणता येत नाही," शेवटी ते म्हणाले.

"मग काय म्हणता येतं?"

"हो. हो म्हणतो, अण्णा."

आत्याने डोळे पुसले, पण ती गप्प बसणारी नव्हती. "हे आपल्या अण्णांचं झालं, दादा. बाकीच्यांच्या अण्णांचं काय?"

उत्तर काकांनी द्यायचं होतं. बोलली भिंगरी. खरं तर तिला एक साधी शंका होती.

"काका, स्टूल तर सगळ्यांच्याच घरी असतं ना?"

काका स्टुलावरून उठले, उठताना भिंगरीच्या आईचा हात धरावा लागला, कोट झटकला आणि धाकट्या भावाला म्हणाले, "उद्या खात्यात जाऊ नकोस. माझ्याबरोबर यायचंय तुला." आणि निघाले. उद्या काय बोलणार ते त्यांनी सांगितलं नाही. केक तसाच राहिला, एक शून्य कमी असलेला.

*

सकाळी समितीच्या इमारतीच्या दारात गोंधळ उडाला. सुरक्षारक्षक म्हणत होता, फर्निचर आत नेता येणार नाही. कारण मोठे काका स्वतःच्या बगलेत ती तिपाई घेऊन आले होते. ती खरीखुरी, भट्टीवरची, पायांना अजून डाग असलेली.

"साहेब, आत खुर्च्या आहेत भरपूर," रक्षक म्हणाला.

"आहेत, पण उंच आहेत," काका म्हणाले.

तिपाई तपासणीच्या यंत्रातून गेली. तिच्यात एक जुना खिळा होता, म्हणून यंत्र केकाटलं. "म्हातारी अजून ओरडते," आजोबा खूश होऊन म्हणाले. भिंगरीचा हात धरून ते चालत होते आणि ती त्यांना पायऱ्या सांगत होती.

सभागृह गोल होतं. मधे समितीचे सभासद, भोवती लोक. दुसऱ्या विमा कंपन्यांची माणसं एका रांगेत बसली होती आणि त्यांचा प्रवक्ता, जाड भिंगांचा चष्मा लावलेला, काकांना बघून आपला माणूस आला म्हणून हसत होता. आत्या आधी बोलली. चांगलं बोलली, पण सभासद घड्याळं बघत होते. हे सगळं त्यांनी तिच्याकडून पूर्वी ऐकलं होतं.

मग काकांचं नाव पुकारलं.

"मी नफ्याची बाजू मांडायला आलोय," काका म्हणाले.

आत्याने डोळे मिटून घेतले. भिंगरीला वाटलं, संपलं सगळं. तिने खिशातल्या रुमालावर मूठ घट्ट केली. प्रवक्त्याने शेजाऱ्याला कोपर मारलं.

"नफा मला हवाय. ज्या भट्टीला नफा झाला नाही, ती बंद पडताना मी पाहिलीय. पण नफा दोन वाटांनी येतो. एक, काम नीट केल्याने. दोन, नाही म्हटल्याने. यंदा आमच्या कंपनीला सगळ्यात मोठा नफा झाला. काल आमच्या घरी एक गोष्ट घडली आणि रात्री मी माझ्या धाकट्या भावाला विचारलं, तो क्लेमखात्यात आहे, की खरं सांग, यातला दुसऱ्या वाटेचा किती? तो म्हणाला, दादा, बहुतेक सगळा."

सभागृहात कुजबुज उठली. बाबा रांगेतून उभे राहिले आणि स्पष्ट म्हणाले, "हो. मी सांगितलं." एवढंच. पण भिंगरीला आपले बाबा त्या क्षणी छताला टेकल्यासारखे उंच वाटले.

"दुसऱ्या वाटेचा नफा मला नको," काका पुढे म्हणाले. "दहातल्या नऊ गोट्या आजाऱ्यांना द्या, म्हणजे आम्हाला पहिली वाट शिकावी लागेल. आम्ही शिकू. आणि दुसरं कलम..." त्यांनी तिपाई उचलली, पहिल्या रांगेत बसलेल्या आजोबांसमोर नेऊन ठेवली. "हे माझे वडील. काचकामगार. यांचे डोळे भट्टीने नेले आणि माझ्या कंपनीने यांना नाही म्हटलं. ज्यांना हे कलम नको असेल, त्यांनी इथे बसून यांना तसं सांगावं. मी काल प्रयत्न केला. मला जमलं नाही."

सगळ्यांच्या माना कंपन्यांच्या रांगेकडे वळल्या. मग चष्मेवाला प्रवक्ता उठला, कारण त्याला उठणं भागच होतं. तिपाईपर्यंत आला. तिच्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, गळ्यातली टाय सैल केली.

"मी... मी उभ्यानेच बोलतो," तो म्हणाला.

"बोला, बोला," आजोबा मोठ्याने म्हणाले. "उभ्याने सोपं जातं."

आधी एक सभासद हसली, मग दुसरा, मग सगळं गोल सभागृह. प्रवक्ताही शेवटी हसला बिचारा, आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसला. तिपाई मधोमध रिकामीच राहिली. अध्यक्षांनी मत विचारलं. एक हात वर गेला, मग चार, मग एकमेकांकडे बघत बघत बाकीचे. दोन्ही कलमं जशीच्या तशी कायद्यात राहिली.

आत्या धावत आली आणि भावाला मिठी मारण्याऐवजी तिने त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "सहा वर्षं लावलीस रे मेल्या!"

"बदकाचं स्टूल आधी का नाही दिलंस?" काका म्हणाले आणि दोघं हसत हसत रडू लागली.

"काय झालं? मला सांगा कोणीतरी," आजोबा विचारत होते.

"सगळे हात वर आहेत, आजोबा," भिंगरी त्यांच्या कानात ओरडली. "सगळे!"

"भट्टी पेटली म्हण की," आजोबा म्हणाले आणि त्यांनी आपले ढगळ गाल असे फुगवले, जसे नळी तोंडाला लावताना फुगवत असत.

आता कोणी म्हणेल, की पुढे सगळं सुरळीत झालं का? नाही. कंपनीचे भागीदार काकांवर चवताळले, त्यांची खुर्ची जाता जाता वाचली, आणि कायदा विधिमंडळात मंजूर व्हायला आणखी बरीच झटापट लागली. ती गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी दुपारी ते सहाही जण, मधे आजोबा, तिपाई आळीपाळीने उचलत, रस्त्याच्या मधोमध चालल्यासारखे कंपनीच्या दारापर्यंत चालत गेले, आणि त्या दिवसापुरती ती वरात होती.

दारातल्या पहारेकऱ्याने काचेचं कपाट उघडलं आणि तिपाई घ्यायला हात पुढे केले.

"इथे नाही," काका म्हणाले. "ही वर जाणार. क्लेमखात्यात, माझ्या भावाच्या टेबलाशेजारी. आता रोज लागेल."

बाबांनी तिपाई खांद्यावर घेतली. आत्या, आई आणि काका बोलत बोलत त्यांच्यामागे लिफ्टकडे गेले. गुरुवारी आजोबांचं ऑपरेशन कोणत्या इस्पितळात करायचं, यावर दोघा भावंडांचं पुन्हा वाजलं होतं. कपाट उघडंच राहिलं. आत नुसते दिवे, आणि खाली ती पितळी पाटी: 'आमची सुरुवात इथून झाली.'

भिंगरीने खिशातून रुमाल काढला. निळ्या साखरेचं शून्य जरा चिकट झालं होतं, पण तुटलं नव्हतं. तिने टाचा उंचावल्या, ते बरोबर पाटीच्या वर, दिव्याच्या झोतात उभं केलं, आणि पडत नाही ना ते बघितलं.

"काय ठेवलंस गं आत?" आजोबांनी विचारलं. "मला दिसत नाही."

"डोळे झाले की या बघायला," भिंगरी म्हणाली, आणि तिने काचेचं दार हळूच लावून घेतलं.